पत्ता

वादक : रुमालात थुंकलीस तू. प्रभुभोजनाचा द्राक्षरस, भर चर्चमध्ये.

धाकटी : ऑर्गन वाजवत होतास की मंडळीवर पहारा देत होतास?

वादक : समोरच्या आरशात दिसतं सगळं. आणि मी तुझ्याकडेच बघत असतो, हे तुला ठाऊक आहे.

धाकटी : मग माझ्यापुढे ट्रे कुणी धरला, तेही दिसलं असेल.

वादक : तुझ्या भावजींनी.

धाकटी : ज्या हातानं ताईचं मनगट पिरगाळून मोडलं, त्याच हातानं. वर गोड हसून, ‘घ्या मेहुणीबाई.’ घशाखाली उतरेचना. आणि आता हे रसाचे पेले धुवायचे. बोटाएवढे, चिकट, काठाला कुणाकुणाचे ओठ. एरवी मी गुणगुणत धुते. आज हात लावायचीही किळस येतेय.

वादक : सरक. मी धुतो.

धाकटी : धू.

वादक : ताई नक्की घसरली नव्हती ना? बाथरूममध्ये पडले, असं सांगत होती सगळ्यांना.

धाकटी : दिवसाला चाळीस हाडांचे फोटो काढते मी, पोटासाठी. गुरुवारी ताईचा हात मशीनखाली मीच ठेवला. मनगटाचं फ्रॅक्चर नवं. त्याच्या वर एक जुनं, आपोआप जुळलेलं, वाकडं. मी दार लावून घेतलं नि विचारलं, ‘ताई, किती वेळा घसरतेस गं?’ मग बांध फुटला तिचा.

वादक : तुझ्या बाबांना, पाळकसाहेबांना सांगितलंस?

धाकटी : त्याच संध्याकाळी. बाबा जेवत होते. घास हातात थांबला, म्हणाले, ‘प्रार्थना करू.’ केली. आणि ताट संपवलं. भाजी परत मागून घेतली रे!

वादक : त्यांनाही धक्का बसला असेल.

धाकटी : लहानपणी तेच सांगायचे, देवाला सगळं दिसतं. मी अंघोळ करताना डोळे घट्ट मिटून घ्यायचे. वाटायचं, मी मिटले की देवही लाजून मिटेल. दोनदा नळावर कपाळ आपटलं. आता मीच म्हणतेय, बघ ना, बघ! तर काही नाही. सगळं शांत, नि पुढचं गीत क्रमांक अमुक.

वादक : देवाचा आणि भावजींचा काय संबंध?

धाकटी : मग त्याचा ट्रे त्यांच्या हातात कसा?

वादक : आपल्या मंडळीनंच दिला.

धाकटी : आणि तू? शुक्रवारी तुला एवढंच सांगितलं, की भावजींनी ताईचा हात मोडला, तेव्हा तू काय म्हणालास?

वादक : ‘रविवार जाऊ दे.’

धाकटी : का, तेही बोल.

वादक : आज माझ्या शिफारसपत्रावर सह्या व्हायच्या होत्या. पाळकपदाच्या शिक्षणासाठीच्या. भावजी मंडळीचे सचिव, त्यांची सही लागते.

धाकटी : रात्री तुझे जुने निरोप वाचत बसायची मी, पाठ होईपर्यंत. शुक्रवारी एकही उघडवेना. झाली सही?

वादक : झाली. खिशात आहे.

(तिनं नळ बंद केला, तेव्हा दारात बाबा दिसले. उपासनेचा झगा अजून अंगावरच होता. किती वेळचे उभे होते, तिला कळेना.)

पाळक : हळू बोला. बाहेर माणसं आहेत.

धाकटी : असू देत, बाबा.

पाळक : जावईबापू काल माझ्याकडे आले होते. गुडघे टेकून ढसाढसा रडले. मी क्षमा केली त्यांना.

धाकटी : मनगट तुमचं मोडलं होतं?

पाळक : जीभ आवर.

धाकटी : ताईपुढे टेकले का गुडघे? तुम्ही कोण क्षमा करणारे? दुसऱ्याचं हाड, आणि तुम्ही मोठ्या मनाचे!

पाळक : संसार मोडणं सोपं असतं, बाळा. लोक काय म्हणतील, याचा विचार बापाला करावा लागतो.

वादक : पाळकसाहेब, हे पत्र घ्या.

पाळक : हे काय? दोन वर्षं वाट पाहिलीस याची.

वादक : ती सही घेऊन मला जायचं नाही. शुक्रवारीच म्हणायला हवं होतं.

पाळक : भावनेच्या भरात आयुष्य वाया घालवू नकोस. आणि हिच्यासाठी तर नकोच.

वादक : हिच्यासाठी नाही. ही तर माझ्याकडे बघतही नाहीये.

धाकटी : उशीर केलास.

वादक : हो.

धाकटी : पत्र परत दिलंस म्हणून लगेच सगळं गोड होणार नाही. तुझीही किळस आलीय मला. जायला वेळ लागेल.

वादक : लागू दे. मी कुठे पळतोय?

धाकटी : बघू. बाबा, मी निघते. आज मी उपासनेला का आले, माहितीय? भावजी शेवटपर्यंत इथेच आहेत, यावर लक्ष ठेवायला. ते पेले वाटत होते, तेवढ्यात ताई घरातून बाहेर पडली. दोन बॅगा घेऊन, एका हातानं.

पाळक : कुठे गेली? तिची खोली आपल्या घरी तशीच आहे. मी आणतो तिला.

धाकटी : आणाल, आणि आठवड्यात परत पाठवाल.

पाळक : बाप आहे मी तिचा! कुठे आहे ते सांग.

धाकटी : नाही सांगता येणार, बाबा. ताईनं मला शपथ घातलीय. भावजींचं नावसुद्धा नाही काढलं तिनं. एवढंच म्हणाली, ‘बाबांना पत्ता देऊ नकोस.’