मोटेच्या कातड्याचा फुटबॉल

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. नुसतं गदगदून राह्यलं होतं. त्या उकाड्यात मी लोणारच्या एका सेठच्या दुकानापुढं माझा पहिला फुटबॉल घेऊन उभा होतो.

मी बैलजोडीनं विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी मोटा शिवणारा माणूस. पावसाळ्यात मोटेले कोण विचारते? त्या सालात मात्र साऱ्या वऱ्हाडातल्या शाळांत फुटबॉलचं खूळ शिरलं, अन् लढाईपायी पंजाबातून माल येणं बंद झालं. सेठ म्हणाले, "महादू, तू शिवून दे. मास्तरले पसंत पडला, तर पाच-सहा शाळांचं काम तुलेच." म्हणजे पावसाळाभर चुलीची सोय झाली. मी म्हशीचं जाड कातडं घेतलं, दुहेरी टाके घातले, वरून तेल पाजलं.

मास्तर आले. धोतर खोचून दुरून धावत आले अन् चेंडूले लाथ घातली. चेंडू हातभर सरकला. मास्तर पाय धरून खाली बसले.

सेठ ओरडले, "काऊन बे, गोटे भरले का यात?"

"नाही जी, तुम्ही देल्ला रबरी फुगाच हाय. तो घालायच्या आधी चेंडू पाणी भरून दोन दिवस टांगला होता. एक थेंब गळला नाही!"

"चेंडूत पाणी कोण भरते बे?"

"मोट तशीच पारखतात ना जी."

मास्तर लंगडत गेले, अन् त्यांच्यामागं कामही गेलं. घरी आलो तर शेजारच्या कासमभाई पिंजाऱ्यानं चेंडू दोन्ही हातांनी उचलून पाह्यला अन् म्हणाला, "माल अव्वल हाय, महादू. फक्त यासंगं एक बैलजोडी देत जाय."