वडनेरचा दाखला

नाई नाई, बसा ना ताई, मी सरकतो – सासऱ्याचं कार्ड काढाचं म्हणता ना, थे सत्तरच्या वरच्या लोकायचं, फुकट इलाजाचं? मंग आधार आणलं का? आणलं असन त दहा मिनिटात होते, लय काई लागत नाई. हे पाहा माह्यं, लॅमिनेशन करून खिशातच ठेवतो. मले काय झालं? काई नाई झालं! बहात्तर वर्षाचा आहो अन् अजून नालवाडीवरून सायकलनं वर्ध्याच्या बाजारात जातो, दोन टाइम जेवतो, पडल्या पडल्या झोप लागते. कार्ड माह्यं, अन् बिमार जयवंता. माह्यी बायको.

दिलाची झडप खराब झाली तिची. संडासपर्यंत गेली का दम लागते, आडवं होता येत नाई, मांगं उशा लावून बसते. रक्षानं, आमच्या पोरीनं, सावंगीच्या दवाखान्यात नेलती तपासाले – आता पोरीकडंच राह्यतो आम्ही. डॉक्टरीण चांगली होती बिचारी, हात धरून बोलली. म्हणे आजी, ऑपरेशन लागन, दिवाळीपर्यंत थांबाचं काम नाई. वय विचारलं. जयवंता म्हणते, चौऱ्याहत्तर. आधारवर पाह्यलं त सदुसष्ट! अन् कार्ड निंगते आधारवरून, मशीनले थोडीच तिचं तोंड दिसते? बरं, राशन कार्डावरच्या योजनेत पाहू म्हणलं, त तिथं तिचा अंगठाच उमटत नाई – जिंदगीभर कापूस वेचला, बोटाच्या रेषा घासून गेल्या – राशन कार्डातून नावच उडालं. अन् घरून खर्च कराचा म्हणान, त थो ना माह्याच्यानं होत, ना रक्षाच्यानं. म्हणून रोज येतो इथं कार्डाच्या काउंटरवर, काई रस्ता निंगते का विचाराले. आज थो काउंटरवाला म्हणे, आजोबा, रोज येऊन साल बदलत नाई. खरंच आहे त्याचं.

चुकलं काऊन म्हणता? अहो, चुकलं नाई. म्हंजे – आता तुमच्यापाशी काय लपवाचं, तुम्ही काई आमच्या गावच्या नाई. जयवंता माह्याहून दोन वर्षानं मोठी आहे. लग्नात माह्या मायले माहीत होतं, तिच्या बापाले माहीत होतं, बस. गावात सांगितलं पाच वर्षानं लहान. आमच्याकडं बायको मोठी म्हणलं का माणसाचं हसूच होते, जिथं बसला तिथं टोमणा. मंग आधारचं शिबिर लागलं ग्रामपंचायतीत, बारा-तेरा वर्षं झाले असन. मांगं लाइनीत डोमाजी उभा. त्याले एक गोष्ट कळली का संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाले कळे. मशीनवरचा माणूस जोरात विचारते, बाई, जन्मसाल? ही सांगाले गेली, एक्काव... अन् मी मंधातच बोललो, अठ्ठावन लिवा, अठ्ठावन! तिनं माह्याकडं पाह्यलं फक्त. पदर सारखा केला अन् फोटोले बसली.

आता आधारवरचं साल बदलाचं त पुरावा मांगते. शाळेचा दाखला चालते म्हणे. वडनेरची आहे ती, तिथंच चौथी शिकली, दाखला होता तिच्यापाशी – माहेरून आणलेल्या लोखंडी पेटीत, लग्नाच्या चोळीत गुंडाळून ठेवला होता. सोमवारपासून पेटी उपसून राह्यली. दम लागते, थांबते, परत हात घालते. मले म्हणते, अहो, मीच कुठीतरी ठेवला, माह्यंच डोस्कं गेलं. रक्षावर चिडली, तूच रद्दीत देला म्हणून – पोरगी रडली बिचारी. अन् मी तिथंच बसून आहो! पाणी देतो, उशी देतो, म्हणतो, पाह्य, अजून खाली पाह्य.

कसा सापडन ताई? शिबिरातून घरी आलो, त्याच दिवशी मी फाडला थो. फाडला अन् चुलीत टाकला. कोणाच्या हाती लागला त हसन म्हणून. मांगच्या आठवड्यात वडनेरले जाऊन आलो, शाळेत. त्या सालाचं रजिस्टर नाई, वाळवीनं खाल्लं. मास्तरनं कपाट उघडून दाखवलं, आतमंधी नुसती माती. अन् डोमाजी? डोमाजीले मरून सहा वर्षं झाले. हसाले कोणी राह्यलंच नाई हो. लाज वाटते मले, ताई. जेवताना वाटते, सायकलवर बसताना वाटते, हे कार्ड खिशात टोचते.

सांगून टाकू म्हणता? तिले? सांगून कागद थोडीच येते परत. अन् तिच्या नजरेत मी माणूस म्हणून काय राह्यलो मंग – शोधते तवर तिले वाटते, सापडन. थांबा... फोन आला. तिचाच आहे.

हं, बोल जयवंता... नाई सापडला? ... चोळी झटकून पाह्यली का? ... अस्सं. बरं, कोठीतल्या डब्यात पाह्य मंग. हो, तिथं असन. असनच. घाई करू नोको, दम लागन – बसून बसून पाह्य.

जा ताई, तुमचा नंबर आला. सासऱ्याचं साल बरोबर आहे ना आधारवर? मंग जा, माह्याकडं काय पाहून राह्यल्या.