मागे लहान मूल बसेल का?

हॅलो?… हॅलो, ताई? हां, बोल… नाही गं, घरी नाही. बाहेर आलोय दोघं. गाडी बघायला… हो, तीच. इटलीची. जुनी, लाल, जमिनीला टेकलेली.

हस, हस तू…

हो, हो… अगं ऐक ना. मलाही दिसतंय किमती वाढतायत ते. मागच्या वर्षी जेवढ्यात अख्खी गाडी येत होती, तेवढ्यात आता चार चाकं आणि एक आरसा येईल… तुझ्या नवऱ्याला म्हणावं, सल्ला फुकट असतो म्हणून एवढा वाटू नये… बरं, नको सांगूस. रुसतील.

नाही, घेतली नाही अजून… अगं, ह्याला पसंत पडेल तेव्हा ना! मागची आठवते? पत्रा सडका. तिच्या आधीची? रंग मूळचा नाही. एकीचं तर दार लागताना आवाज बरा येत नव्हता म्हणे. नाचायचं नसलं की अंगण वाकडंच असतं.

खिशात लोहचुंबक घेऊन फिरतो, रुमालात गुंडाळून… अगं, चिकटलं तर खाली खरा पत्रा, घसरलं तर आत पुट्टी भरलेली. आणि मालकाच्या तोंडावर सांगतो, "हा मेकअप आहे." मला वाटतं, धरणी पोटात घेईल तर बरं…

आज? आज चुंबक सगळीकडे चिकटलं. तेच तर झालंय.

… बिघडलं काहीच नाही, ताई. मालक दाताचे डॉक्टर आहेत, म्हातारे. गाडीही दातांसारखीच ठेवलीय, घासूनपुसून. पत्रा चांगला, रंग मूळचा, कागद चोख. बटण दाबलं तर पुढचे दिवे झाकणासकट वर आले…

हो. "डोळे उघडणारी गाडी."… हो, भिंगरीचाच शब्द तो… माहितीय तुला आठवत असणार. तूच तर हसून हसून लोळली होतीस.

थांब, मला बोलू दे. आत्ता नाही बोलले तर परत बोलणं होणार नाही माझ्याच्यानं.

अगं, ती होती तेव्हा हा दोन सीटच्या गाड्या नको म्हणायचा. पोरगी कुठे बसणार म्हणून. ती म्हणायची, मी मधे बसेन, गिअरवर… हो ना, वेडी. आणि ती गेल्यावर… आता दोन सीट पुरल्या असत्या ना आम्हाला? तर पत्रे सडायला लागले, रंग बिघडायला लागले. मला कळत होतं गं सगळं. पण कशाला बोलू? घरात दिवस दिवस तोंडातून शब्द नाही. रविवारी थर्मास भरून निघालो की वाटेत इंजिन, टायर, कार्ब्युरेटर, काय काय बोलतो. मला ओ की ठो कळत नाही, पण मी हं हं करते. बोलतोय तरी. तिचं नाव मात्र ती गेल्यापासून एकदाही काढलेलं नाही त्यानं.

… पैशांचं नाही काही. तिच्या शिक्षणाचे आहेत ते. दुसऱ्या कशाला लावू, तूच सांग.

हो, सांगते… आज खोट सापडेना, तर हा डॉक्टरांना काय विचारतो? "मागे लहान मूल बसेल का?"… अगं, आहे, हिला मागे सीट आहे. एवढीशी, उशीएवढी. मी बघतच राहिले त्याच्याकडे. डॉक्टर खूश. म्हणाले, "बसेल की! मुलगा की मुलगी? केवढी?"

हा म्हणाला, "मुलगी. नऊ वर्षांची आहे."

आहे म्हणाला, ताई. आहे.

… नाही. होती म्हणायला जीभच उचलेना माझी.

आणि त्या बिचाऱ्यांनी… त्यांचा काय दोष, त्यांना काय माहीत… ते म्हणाले, "मग अजून तीन-चार वर्षं आरामात बसेल. पुढे पाय लांब होतात पोरींचे. तोवर विकून टाका, किंमत वाढलेलीच असेल."

…

हो… हो… तू रडू नकोस गं, मग मलाही आवरत नाही… वारा आहे, त्याचा आवाज येतोय. गल्लीत उभी आहे मी, सगळी गॅरेजच आहेत ओळीनं. समोर एकजण पाइपनं फरशी धुतोय. हात धुवून येते म्हणून सटकले आणि तेवढ्यात तुझा फोन.

पाय लांब होतात म्हणे. तिचे शेवटचे बूट एक माप मोठे घेतले होते मी. वाढतील पाय म्हणून. खोक्यातून काढलेसुद्धा नाहीत…

हा? आत आहे. दिसतोय इथून. बॉनेटवर हात ठेवून उभा आहे नुसता… हो, ठरवायला हवंच आता. दुसरं गिऱ्हाईक यायचंय, तो जास्त देतोय. डॉक्टर किल्ली हातात घेऊन थांबलेत आमच्यासाठी.

घेऊन टाका म्हणतेस?… आणि मग पुढच्या रविवारी काय करू, ताई? आणि ती मागची सीट? ती रिकामी घेऊन हिंडायचं आम्ही?… नाही गं, तुझ्यावर नाही चिडले. तुझ्यावर कशी चिडेन.

थांब… थांब, थांब. अगं, हा मागे शिरतोय!… मागच्या सीटवर! एवढा उंच माणूस… पुढची सीट वाकवून… आपटलं डोकं, बघ. काय करतोय हा… बसला. गुडघे हनुवटीला लागलेत. शेजारी एवढीशी जागा उरलीय, तिथे हात फिरवतोय.

ताई… रडतोय तो.

… नाही, आवाज नाही. खांदे हलतायत… तेव्हा नव्हता गं रडला. भेटायला आलेल्यांना पाणी देत फिरत होता, आठवतंय ना?

एक मिनिट, धर हं, डॉक्टर आलेत… हो, डॉक्टर… नको, पाणी नको… नाही हो, तुमचं काहीच चुकलं नाही. आमची मुलगी गेली. दोन वर्षं झाली… हो. नऊचीच… तुम्ही त्या दुसऱ्या माणसाला देऊन टाका गाडी. खोट काही नाही, फार छान ठेवलीय तुम्ही. फक्त थोडा वेळ आम्हाला बसू द्या आत. चालेल?… उपकार होतील.

… ताई? ऐकलंस?… हो. परक्या माणसापुढे पहिल्यांदाच बोलले मी हे.

हाक मारतोय… मला नाही गं. तिला. भिंगरी म्हणतोय… ऐकू येतंय तुला?

जाते मी… माहितीय मावणार नाही, मांजरसुद्धा नीट मावणार नाही तिथे… तरी जाते… नाही, तू नको येऊस. संध्याकाळी ये… हो, ठेवते.

ए… सरक जरा. सरक ना रे, मलापण बसू दे.