मासिक बंद करायला आईला फोन दिला

'एक रुपयात पहिला अंक' असं कुठं दिसलं ना भावांनो, तर मोबाईल गप खिशात ठेवा. मी तिथंच फसलोय. कॉम्प्युटरचं मासिक चालू करायला एक बटण दाबलेलं, बंद करायला मात्र फोनच करायला लागतोय. लॅपटॉप विकून वर्ष झालं, तरी यंदा त्यांनी न विचारता अख्ख्या वर्षाचं पैसं कापलं. टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायला तेवढंच ठेवलं होतं, आणि फॉर्मची शेवटची तारीख आज.

तीनदा फोन केला. दरवेळी तीच पोरगी, "सर, बंद नका करू, सहा अंक फुकट देते." शेवटी फोन आईकडं दिला. आमच्या आईपुढं राजारामपुरीतलं रिक्षावालंबी मीटरवर येत्यात.

"पोराचं पैसं आधी परत टाक," आई कडाडली. तिकडून पोरगी कायतरी बोलली आणि आईचा आवाजच उतरला.

"आजऱ्याची हायस व्हय? माझ्या माहेरची? कुणाची गं?"

झालं. पुढं अर्धा तास तिकडचं काजू, तिचं लग्न, तिच्या आईचं गुडघं. मी समोर घड्याळ दाखवतोय, आई हातानंच गप बस म्हणती.

फोन ठेवून म्हणाली, "गुणाची पोरगी हाय. मासिक बंद झालं की सायेब तिला बोलतोय म्हणं. दोन वर्षं चालू ठेव म्हटलं."

"आणि माझी परीक्षा?"

"परीक्षा सहा महिन्यांनी परत येती की. तिची नोकरी गेली तर परत येणार हाय का?"