एका घरातल्या दोन मेरेवाई

हॅलो?… हॅलो! "ग्राहक मयत आहे" म्हणजे काय? अहो मॅडम, ग्राहक इथं माझ्यासमोर बसलीये, तोंडाला मास्क लावून!… आजी माझी, आमची बू, मेरेवाई. तिचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, आणि तुमचा माणूस खांबाला शिडी लावतोय, लाइन तोडायला…

थांबा, थांबा… वासिती? माझ्या वर्गातली?… हो, मी सेवुलोनीच… हो गं बाई, सोडली शाळा! तू पास झालीस ना? आता तिकडे सुवा शहरात एसीत बसून माणसं मार.

काय?… दवाखान्याच्या यादीत मेरेवाई मयत लिहिलीये? अगं, ती माझी बहीण! डेंग्यूनं गेली… हो, तीपण मेरेवाईच. आडनाव तेच, घर तेच, फोन तोच… आजीचं नाव नातीला ठेवतात, हे आता मी तुला सांगू? तुझं नाव कुणाचंय?… मग!

…अच्छा. सगळीकडच्या याद्या एकत्र केल्या, आणि कॉम्प्युटरनं दोघींची एकच बाई केली. वय आजीचं, मरण पोरीचं. वा!

ए शिडीवाल्या! हात लावू नकोस, बोलतोय ना मी ऑफिसशी!… तुला नाही गं.

हळू बोल, बू ऐकतीये. स्पीकर बंदच होत नाही ह्या डबड्याचा… मग कर ना दोघींना वेगळं… होत नाही? एका घरात ह्या नावाची एकच?… मग दुसरी पुसायची? पोरगी?

…मी तोंडानं म्हणायचं? रेकॉर्ड होतंय?… अगं, खिडकीतून तिची कबर दिसते, वरचं कापडसुद्धा नवं आहे अजून… हसतेस काय गं? नियम? तुझ्या नियमाला…

अरे ए, थांब म्हटलं ना!

बरं, बरं! घे. "या घरात लहान मेरेवाई राहत नव्हती."… मोठ्यानं? "नव्हती! कधीच नव्हती!" झालं? भरलं पोट?… सांग त्याला आधी… हं. उतरतोय.

बू?… मास्क का काढलास? बू, घाल तो… अगं, खोटं बोललो मी, लाइनसाठी… तोंड फिरवू नकोस, बू! घाल ना…

काय?… सेवेला पाचपैकी किती गुण?… वासिती, ठेव फोन. ठेव! मला जायला ह—