खोक्यात राहिलेला आवाज

मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. पुढच्याच कावून रिकाम्या आहेत, तेही दिसून राहिलं मले. या खोक्यांच्या जवळ कोणाले बसायचं नाही. बरं. उभे राहा मग.

मले भाषण येत नाही. त्यात मधूचा फोटो समोर ठेवून बोलायचं, म्हणजे तो मधातच टोकणार असं वाटते. मी विलास. इथं हथखोजमध्येच दोन गल्ल्या सोडून माहा कारखाना आहे. मधुकर राऊत मोबाइल बनवत होता, मीही मोबाइलच बनवतो. बटनाचे, साधे, चिखलात पडले तरी चालणारे. धंद्यात दुश्मन, घरी एका ताटात जेवणारे. आमचे बाप भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटात आले, मरोद्याले शेजारी शेजारी राहिले. मधूसंग मी भांडलो नाही असा हप्ता गेला नसंन.

परवा त्याची तेरवी झाली. तो गेला तो याच शेडमध्ये, त्या टेबलाजवळ, भर दुपारी. छातीत कळ आली, आणि संपलं.

उजवीकडं त्याचे कामगार बसले, डावीकडं माहे. कोणी सांगतलं नव्हतं असं बसायले. तुम्ही सगळे आले मधूसाठी, खरं आहे. पण मनात एकच गोष्ट आहे ना? या दोन कंपन्या एक होणार का? आपलं काम राहणार का? लाजू नका. मधू असता तर त्यानंही तेच विचारलं असतं, श्रद्धांजली गेली खड्ड्यात.

तर ऐका. मी मागं लागलो होतो त्याच्या, किती वर्षं. मधू, एक होऊ. तुहा माणूस आणि माहा माणूस एकाच आठवडी बाजारात समोरासमोर बसतात, एकमेकाचा भाव पाडतात, आणि गिऱ्हाईक तिसऱ्याजवळून टचवाला फोन घेऊन जाते. माल एकत्र घेऊ, दुरुस्तीचं दुकान एकच ठेवू. नाही तर दोघंही जाऊ.

तो म्हणे, "विलास, दोन दमेकरी एका खाटेवर निजवले म्हणजे दमा जाते काय?"

मी म्हटलं, निदान पंखा तर एकच लागते.

तो हसला. मग एकदम गंभीर झाला. म्हणे, "एक झालो तर आवाज कोणाचा राहील?"

बाहेरगावचे पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. मधूचा फोन बोलते. दर तासाले वेळ सांगते, छत्तीसगढीत. "चार बज गे." बटन दाबलं की आकडा सांगते. ज्याले वाचता येत नाही, ज्याले दिसत नाही, त्याच्यासाठी. आवाज द्यायले रायपूरहून कलाकार आणू, असं सगळे म्हणत होते. मधू म्हणे, कलाकार कावून? मले काय तोंड नाही? आणि रिसालीच्या घरी पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन, यानं सगळे आकडे स्वतः बोलले. "आठ" म्हणताना मागं शोभावैनीच्या बांगड्या वाजल्या. त्याही तशाच राहिल्या. आज इथून दुर्गपर्यंत कोणत्याही गावात आठ वाजले, की वैनीच्या बांगड्या वाजतात.

शेवटी एक दिवस तो स्वतःच आला. म्हणे, एक लॉट काढून पाहू. तुही बॅटरी, माहा आवाज. चालला तर बोलू.

तोच हा लॉट. हीच खोकी.

तो लॉट पॅक होऊन राहिला होता, आणि मधू पडला. लाइनवरच्या पोरी रडायले लागल्या. कोणीतरी म्हटलं, माल उघडा ठेवू नका. तपासणीसाठी आदल्या दिवसापासून एक एक करून सगळे फोन चालू केलेले होते. बंद करायचं कोणाच्या ध्यानात राहीन? तसेच चालू फोन भरले खोक्यात, टेप लावली, शटर पाडलं. सगळे दवाखान्याकडं धावले.

दोन दिवसांनी चौकीदार दुकालू माह्याकडं आला. चेहरा पांढराफटक. म्हणे, "भैया, सेठ भीतर बइठे हे."

मी हसलो. खरंच हसलो. वैनीले विचारून चाबी घेतली आणि आलो. बाहेर कडक ऊन होतं, रस्त्यावर ट्रक चालू होते. मी शटर अर्धं उचललं.

"दू बज गे," मधू म्हणाला.

मग डावीकडून, "नौ बज गे."

मग वरच्या खोक्यातून, अगदी हळू, "पाँच बज गे."

मी फोन बनवणारा माणूस आहे, मंडळी. मले कारण माहीत आहे. नवीन फोनचं घड्याळ चालू केल्यापासून चालायले लागते. गिऱ्हाईक लावेपर्यंत कोणी ते लावत नाही. म्हणून प्रत्येकाचा तास वेगळा. सगळं समजते मले. पण मी तिथं उभा होतो, आणि माहा मेलेला दोस्त अंधारातून मले वेळ सांगून राहिला होता, आणि दर वेळी वेगळी सांगून राहिला होता. जसं त्यालेच समजून नाही राहिलं, आता किती वाजले. मी "मधू" म्हणून हाक मारली. हो, मारली. शटर तसंच पाडलं आणि पळालो.

बॅटरी माही आहे. पंधरा दिवस चालते, ही जाहिरातही माहीच. खरी निघाली.

वैनीले सांगायले गेलो, तर ती स्वयंपाकघरात बसलेली. मी सांगायच्या आधी तीच बोलली. म्हणे, "भाऊजी, आमच्या ओट्यावरचा फोन एक वाजला म्हणते, आणि माह्या तोंडून निघते, हो, वाढते. पहिले रडत होती. आता मी वाट पाहून राहिली. दुपारचे दोन ताटं घेते मी." मग म्हणे, "आठ वाजता माह्याच बांगड्या ऐकू येतात मले. वाटते, मीच तिकडं आहे, त्याच्याजवळ, आणि इकडं कोणी नाही."

खोक्यांचं न सांगताच मी परत आलो.

दहाव्याले शिवनाथ नदीच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला. कावळे होते, कमी नव्हते. एक तर अगदी जवळच्या दगडावर येऊन बसला. पण शिवे ना. तुह्या पोरीचं शिक्षण करू, म्हटलं. नाही. वैनीले सांभाळू. नाही. ऊन चढलं. मग सगळे माह्याकडं पाहायले लागले. म्हणे, विलास, तू बोल, त्याचा जीव कारखान्यात होता.

मी हात जोडले. मधू, दोन्ही कंपन्या एक करतो. तुह्या माणसाइले उघड्यावर नाही पडू देणार. कावळा पाहत राहिला. तो नाही म्हणून राहिला होता, का अजून ऐकून राहिला होता, मले काय माहीत? मग मले वाटलं, समजलं. मी म्हटलं, मधू, आवाज तुहाच राहील. माह्या फोनातही तुहाच. जोवर कंपनी, तोवर तू.

कावळा उडाला. दूर जाऊन बसला.

आमच्यात बाया घाटावर येत नाहीत. वैनी आली होती. मागून तिचा आवाज आला, "भाऊजी, त्याले आता बोलायले लावू नका. थकला तो."

मी कसंबसं म्हटलं, बरं मधू. काढतो तुहा आवाज. मोकळा हो.

आणि तो आला. सरळ आला आणि शिवला.

तुम्ही म्हणाल, कावळाच तो, भूक लागली असंन. असंन. मीही घरी आल्यावर हेच म्हटलं.

तर मंडळी, निर्णय. दोन्ही कंपन्या एक होतात. वैनीनं होकार दिला आहे. नाव मधूच्या कंपनीचं राहील, माहं जाईल. लाइन एकच, शिफ्ट दोन, कोणाले घरी बसवणार नाही. पण आवाज राहणार नाही. डीलर मले वेड्यात काढून राहिले. म्हणतात, आवाजावरच तर फोन विकते, तोच काढला तर तुमच्या डब्यात उरते काय? बरोबर आहे त्यांचं. कदाचित एक होऊनही आपण बुडू. मी खोटं बोलणार नाही. पण ज्या माणसाले मी मोकळं केलं, त्याले उद्या पुन्हा लाइनवर उभा नाही करणार. मले तो फार आवडत होता, मंडळी. जिवंतपणी एकदाही म्हटलं नाही मी.

गावागावात फोन गेले आहेत, ते कुठून गोळा करू? जे दुरुस्तीले येतील, त्यांचा आवाज काढू. बाकीचे बोलत राहतील, आणि एक एक करून गप्प होतील.

काल ही खोकी उघडली. दोन्हीकडची माणसं होती. प्रत्येक फोनची बॅटरी काढली. एकही सोडली नाही. शटर पाडून बाहेर उभे होतो, तर दुकालूनं माह्याकडं पाहिलं. "सुने का भैया?" मी म्हटलं, नाही, काही ऐकू नाही आलं. तुम्ही विचारलं तरी नाहीच म्हणीन.

आता पाच वाजत आले. इथं अर्ध्या लोकांच्या खिशात मधूचाच फोन आहे, मले माहीत आहे. काढा बाहेर. नुसता बंद नका करू, बॅटरी काढा. झाकण कसं उघडते, ते या शेडमध्ये कोणाले शिकवायची गरज नाही. वैनीच्या हातात तिच्या ओट्यावरचा फोन आहे. तिले कोणी मदत करू नका. तिले वेळ लागला, तर लागू द्या.

झालं, वैनी? बरं.

आता उभे राहू. कोणी घड्याळाकडं पाहू नका, कोणी मागं वळू नका.

मधू, यापुढं वेळ आम्ही पाहून घेऊ. तू जा.