हसायची जागा

भोरच्या स्टँडवर वेल्ह्याच्या एसटीला उशीर होता. केशवरावांशी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून ते शेजारच्या बाकावर मोबाईलवर कार्टून बघत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचं ऐकत बसले.

“रतने, ह्या मातीच्या बाहुल्या तर इंग्रजीत बोलत्यात. तुला कळतं व्हय?”

“न्हाई गं. नातू जिथं हसायचा, तिथं म्या हसते. आता बघ, राक्षसाचं मुंडकं गळून पडंल आन् आपल्याच धडाला शिव्या हासडंल.”

“अगं बया! लई वंगाळ!”

“मोठ्या माणसांसाठीच हाय, म्हणायचा अमृत. दुबईला जाताना ह्यो मोबाईल मला ठिवून गेला.”

“नवे भाग आल्यात म्हणं. आमची शिवानी दील लावून.”

“नगं बाई. त्यात कुठं हसायचं, ते मला कोण सांगंल?”